झाडाचं बारसं दोन उन्हाळ्यांनंतर



पहिला पाऊस पडला की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'येत्या रविवारी वृक्षारोपण. सहकुटुंब यावे. चहा-नाश्त्याची सोय केली आहे.' मेसेजच्या शेवटी हिरव्या पानांची रांग असते. तुमच्याही सोसायटीच्या, शाळेच्या नाहीतर ऑफिसच्या ग्रुपवर तो येऊन गेला असेल. तुम्ही गेलाही असाल. मीही गेले होते. आजचा लेख त्या रविवारबद्दल थोडा आणि त्यानंतरच्या महिन्यांबद्दल जास्त आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पहिली नोकरी नुकतीच सुरू झाली होती. काम कंटेंट रायटिंगचं. दर वर्षी ५ जून जवळ आला की पर्यावरण दिनाच्या पोस्टची एकदम गर्दी होते. 'एक रोप लावा, पृथ्वी वाचवा' अशा चालीची किती वाक्यं मी लिहिली असतील, देव जाणे. मात्र स्वतः एकही रोप लावलं नव्हतं. म्हणून त्या वर्षी पुण्यात आमच्या घराजवळच्या टेकडीवर वृक्षारोपण आहे असं कळलं, तेव्हा मी ताईच्या मुलाला, माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन उत्साहाने गेले.

खड्डे आधीच खणून ठेवले होते. रोपं टेम्पोतून आली होती. आम्हाला एक गुलमोहराचं रोप मिळालं. भाच्याने ते दोन्ही हातांनी धरून खड्ड्यात ठेवलं, मी माती लोटली, कुणीतरी आमचा फोटो काढला. भाच्याने तिथल्या तिथे रोपाचं नाव ठेवलं, 'भीम'. मग आम्ही पोहे खाल्ले, चहा घेतला आणि घरी आलो. संध्याकाळी मी फोटो टाकला. इतके लाइक्स मला आधी कधीच मिळाले नव्हते.

भीम कुठाय?

पुढे पाऊस, गणपती, दिवाळी, सगळं पार पडलं. मी टेकडीकडे फिरकले नाही. मार्च महिन्यात भाचा आमच्याकडे राहायला आला आणि आल्या आल्या विचारू लागला, "मावशी, भीम केवढा झाला असेल गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. जागा सापडायलाच वेळ लागला. गवत वाळून पिवळं पडलं होतं. ओळीने खड्ड्यांच्या खुणा होत्या आणि त्यांत काटक्या उभ्या होत्या. त्यांतली आमची कोणती, हे एका मोठ्या दगडाच्या खुणेवरून भाच्याने ओळखलं. त्याने काही न बोलता पाठीवरच्या दप्तरातून पाण्याची बाटली काढली आणि सगळं पाणी त्या काटकीवर ओतलं.

काय बोलावं ते मला कळेना. मी काटकी हलवून पाहिली, तर ती अलगद वर आली. सोबत मातीचा एक कडक गोळा आला आणि त्या गोळ्याभोवती नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी होती.

पिशवी काढायला मी विसरले होते. खरं सांगायचं तर ती काढायची असते, हेच मला माहीत नव्हतं. मुळं त्या पिशवीतच गोल गोल फिरत राहिली होती.

"पिशवी का नाही काढलीस मावशी?" भाच्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी खूप वाईट वाटलं. एक रोप मेलं म्हणून तर वाटलंच. पण त्याहून जास्त वाटलं ते यासाठी, की तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर होता आणि त्याखाली 'अभिमान वाटतो' असं लोकांनी लिहिलं होतं.

कॅनवाले आजोबा

आम्ही परत निघालो, तर वाटेत एक आजोबा दिसले. वय सत्तरीच्या पुढचं असेल. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन. ते एका झुडपाजवळ थांबले, बुंध्याभोवतीचं वाळलं गवत बाजूला केलं आणि सावकाश पाणी ओतलं. संपलं तसं गवत पुन्हा जागेवर ठेवून त्यावर दोन दगड ठेवले.

मी त्यांना आमच्या भीमाची हकिगत सांगितली. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "अगं बाळा, माझी पहिल्या वर्षीची सगळीच्या सगळी गेली होती. तुझं तर एकच."

मग त्यांनीच समजावलं. टेकडीवर मातीचा थर पातळ असतो, खाली मुरूम आणि कातळ. जूनमध्ये लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत पावसाच्या जिवावर राहतं. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे. मुळं खोल गेलेली नसतात, वरची माती तापते. त्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा जरी पोटभर पाणी मिळालं तरी बरीच रोपं तग धरतात. असे दोन उन्हाळे काढले, की झाड बहुतेक स्वतःच्या पायावर उभं राहतं.

"जूनमध्ये इथे दोनशे माणसं येतात," ते म्हणाले, "एप्रिलमध्ये आम्ही सहा जण असतो. तू आलीस तर सात."

मी 'येईन' म्हणाले. खरं सांगते, बोलताना वाटलं होतं की दोन-तीन रविवार जाऊ आणि मग बघू. पण भाच्याचा दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल यायला लागला. "मावशी, उद्या जाणारेस ना?" त्यामुळे जावंच लागलं.

आधी जागा ओळखायची

आजोबांच्या त्या छोट्या गटात मी पहिल्यांदा जे शिकले, ते पाणी घालण्याबद्दल नव्हतं. कुठे झाड लावायचं नाही, हे मी आधी शिकले.

आपल्याला मोकळा माळ दिसला की वाटतं, इथे काहीच नाही, झाडं लावू या. पण दख्खनच्या पठारावरचे कितीतरी माळ आणि टेकड्यांचे उतार हे मुळातच गवताचे आहेत. तिथे कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं असतात. त्यांत चंडोल घरटं करतो, माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तित्तिर लपतात. मोठ्या माळरानांवर लांडगा आणि खोकडही असतात. अशा जागी दाट झाडं लावली, तर सावली वाढते, गवत मरतं आणि त्या गवतावर जगणारे निघून जातात. चांगल्या हेतूने केलेल्या कामाने एखाद्याचं घर मोडू शकतं, हे मला नवीनच होतं.

दुसरा प्रश्न असतो, कोणतं झाड? पुण्याच्या टेकड्यांवर तुम्ही फिरला असाल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी डवरलेली झाडं पाहिली असतील. ती गिरिपुष्पाची. दिसतात सुंदर, वाढतातही भराभर. म्हणूनच ती पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावली गेली. पण हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडच्या पक्ष्यांना आणि किड्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. आमचा भीम, म्हणजे गुलमोहर, तोही पाहुणाच, मूळचा मादागास्करचा. रस्त्याकडेला तो ठीक आहे. टेकडीवर मात्र हिवर, खैर, बोर, पळस, काटेसावर, मेढशिंगी, सालई अशी कमी पाण्यात वाढणारी, या मातीतली झाडं हवीत.

ही केवळ पुण्याची गोष्ट नाही. दिल्ली-गुरुग्राम भागात राहणाऱ्या वाचकांनी अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क पाहिलं असेल. तिथे एकेकाळी खाणी होत्या. खाणी बंद झाल्या, जमीन उजाड पडली आणि सगळीकडे विलायती कीकर माजला. २०१० पासून 'आय अॅम गुडगाव' या नागरिकांच्या गटाने ती जागा हाती घेतली. शहरातली माणसं, शाळांची मुलं, कंपन्यांचे कर्मचारी तिथे श्रमदानाला जाऊ लागले. पण रोपं मिळतील ती लावायची नाहीत, असं तिथे ठरलेलं होतं. अरवलीच्या शिल्लक जंगलांतून धौ, सालई यांसारख्या तिथल्याच झाडांचं बी गोळा करून रोपं तयार केली गेली. बाजारातल्या नर्सरीत ही झाडं सहसा मिळतच नाहीत. २०२२ मध्ये या जागेला देशातलं पहिलं 'ओईसीएम' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे सरकारी अभयारण्य नसूनही जिथे निसर्ग नीट जपला जातो, अशी जागा.

रविवार सकाळचं काम

आमच्या गटाचं काम ऐकायला अगदी साधं वाटेल. पायथ्याशी कॅन भरायचे. वर न्यायचे. प्रत्येक रोपाभोवती वाटीसारखं आळं असतं, ते मोडलं असेल तर खुरप्याने नीट करायचं. सावकाश पाणी घालायचं, म्हणजे ते उतारावरून वाहून न जाता मुरतं. रोज थोडं थोडं घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर घातलेलं बरं. वरचेवर ओल मिळाली तर मुळं वरच राहतात, पाणी खोल मुरलं तर तीही खोल जातात. मग आळ्यात वाळलेल्या गवताचं आच्छादन करायचं, म्हणजे ओल टिकते. वाऱ्याने ते उडू नये म्हणून वर दगड.

पावसाळा संपला की गवत वाळायच्या आत जाळरेषा काढायची. म्हणजे रोपांच्या पट्ट्याभोवती काही फूट रुंदीचं गवत कापून जमीन मोकळी ठेवायची, कारण टेकडीचा सगळ्यात मोठा शत्रू वणवा. कुणी विडी टाकतं, कुणी कचरा पेटवतं, तर कुणी 'गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं' या समजुतीने मुद्दाम काडी लावतं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही नवी चौदा रोपं लावली. दोनशे वगैरे नाहीत, फक्त चौदा. सात माणसं उन्हाळ्यात किती रोपांना पाणी घालू शकतात, याचा हिशेब करून तो आकडा ठरला होता. प्रत्येक पिशवी ब्लेडने कापून, काढून, परत मोजून घेतली. चौदा पिशव्या. तो हिशेब मीच ठेवला. भाच्याने त्याच्या रोपाला नाव द्यायला घेतलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "थांब जरा. आधी दोन उन्हाळे काढू देत त्याला. मग बारसं करू."

झाडं लावणं हेच एक काम नाही

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे टेकडी नाही. नसू दे. निसर्गासाठी वेळ देणं म्हणजे कुदळ-फावडंच हातात घ्यायला हवं, असं नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव बघा. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते आधीपासून माहीत होतं. आज ते कासवांचं गाव म्हणूनही ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं तिथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक काढून न्यायचे, उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे यांनी २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. गावातलीच माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरू लागली, वाळूतल्या खुणांवरून घरटी शोधू लागली. अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी तशाच खोलीवर पुरायची, साधारण दीड-पावणेदोन महिने राखण करायची आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, घरचं जेवतात. ज्या अंड्यांचे पूर्वी थोडेसे पैसे मिळायचे, ती राखल्याने गावाला रोजगार मिळू लागला.

चेन्नईत राहणाऱ्यांसाठी तर हे काम दाराशीच आहे. तिथे १९८८ पासून विद्यार्थ्यांचा एक गट, 'स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क', कासवांच्या मोसमात रात्री किनाऱ्यावरून कित्येक किलोमीटर चालतो आणि घरटी शोधतो. शहराच्या किनाऱ्यावर एक वेगळाच धोका असतो. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. पूर्वी तो उजेड समुद्रावरचा असायचा, आता रस्त्यावरच्या दिव्यांचा असतो. पिल्लं उलट्या दिशेने रस्त्याकडे चालू लागतात. म्हणून अंडी सुरक्षित जागी हलवावी लागतात. विद्यार्थी बदलत गेले, शिक्षण संपवून गावोगावी गेले, पण चालणं थांबलं नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र आसामचं आहे. तिथे हरगिला नावाचा मोठा करकोचा असतो. टक्कल, गळ्याशी लोंबणारी पिशवी, खाणं मेलेल्या जनावरांचं. त्याच्या घरट्याखाली घाण वास येतो. लोक त्याला अशुभ मानायचे आणि अंगणातली घरट्यांची झाडं तोडून टाकायचे. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक महिलेने कामरूप जिल्ह्यातल्या गावांत जाऊन बायकांशी बोलायला सुरुवात केली. त्यांनी नुसती भाषणं दिली नाहीत. गावातल्या बायकांना एकत्र जमवून त्यांनी चक्क हरगिल्याचं डोहाळजेवण केलं! पिल्लं जन्मणार म्हणून गाणी, पूजा, खाणंपिणं. बायकांनी मेखला-चादरीवर हरगिल्याची नक्षी विणायला घेतली. 'हरगिला आर्मी'मध्ये आज दहा हजारांहून जास्त महिला आहेत. दादरा, पचरिया आणि सिंगिमारी या गावांतली घरटी २८ वरून २५० च्या पुढे गेली. २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पुरस्कार मिळाला. ज्या पक्ष्याकडे बघून लोक नाक मुरडायचे, त्याला गावातल्या बायकांनी माहेरवाशिणीसारखं जपलं.

आणि घराबाहेर पडणं ज्यांना जमत नाही त्यांनी काय करायचं? मोजायचं! दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. गॅलरीत, अंगणात, कुठेही निदान पंधरा मिनिटं बसायचं, दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या अॅपवर नोंदवायचे. कावळा, चिमणी, कबूतर, साळुंकी, सगळे चालतात. या नोंदींचं काय होतं? २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. त्यात ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती तपासली आहे. त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं त्यातून समजलं. हा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी लोक. एकट्यादुकट्या शास्त्रज्ञाने एवढी माहिती गोळा करायची म्हटली, तर जन्म पुरणार नाही.

माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती टेकडीवर येऊ शकत नाही. पण गेल्या फेब्रुवारीत ती चारही दिवस चहाचा कप घेऊन गॅलरीत बसली होती. आता तिला तांबट आवाजावरून ओळखू येतो आणि ती मलाच शिकवते.

जायच्या आधी हे विचारा

तुम्हाला कुठल्या गटात सामील व्हायचं असेल, तर आधी थोडी चौकशी करा. मी केली नव्हती, म्हणून सांगते.

• वर्षभराचं काम काय आहे? फक्त जूनचा कार्यक्रम असेल, तर उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे विचारा. उत्तर द्यायला ते अडखळले, तर तुम्हीच 'मी येईन' म्हणा किंवा दुसरा गट शोधा.

• रोपं कोणती आणि ही जागा मुळात कशाची? गवताळ माळ असेल, तर तिथे झाडांपेक्षा गवताची राखण जास्त महत्त्वाची असू शकते.

• परवानगी आहे का? टेकडी, तलाव, किनारा, सगळ्यांना कुणीतरी मालक किंवा खातं असतं. वनजमिनीवर वनविभागाला विचारल्याशिवाय खड्डाही खणू नये.

• मागच्या वर्षीचं किती जगलं? किती लावलं हे सगळे सांगतात. किती जगलं हे जो गट मोजतो, त्याच्याबरोबर काम करायला मजा येते.

आणि थोडी काळजीही घ्या. पूर्ण बुटं घाला, गवतात किंवा दगडाखाली सरळ हात घालू नका, साप-विंचू असू शकतात. लहान मुलांना पाणी घालणं, बिया गोळा करणं, पक्षी मोजणं अशी कामं द्या. घरट्यांचे आणि पिल्लांचे जवळून फोटो काढू नका, त्यांची नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका. वणवा दिसला तर आधी १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे. स्वतः पळत जाऊन आगीच्या जवळ जाऊ नका.

हे शेवटचं मी अनुभवातून सांगते आहे.

दुसरा उन्हाळा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना गटावर फोटो आला. टेकडीवर धुराचा लोट. मी पोचेपर्यंत अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली होती. उताराचा मोठा भाग काळा पडला होता. आजोबा एका दगडावर बसून होते. त्यांनी विचारलं, "तू मोजतेस की मी मोजू?"

मी मोजायला गेले. जाळरेषेच्या आतली रोपं वाचली होती. एका बाजूला मात्र रेषा काढायची राहून गेली होती. 'पुढच्या रविवारी करू' असं म्हणून ती आम्हीच पुढे ढकलली होती. त्या बाजूची पाच रोपं गेली. चौदातली नऊ उरली. भाच्याचं रोप नवांत होतं. पानं होरपळली होती, पण खोड हिरवं होतं.

त्या रात्री त्याला फोनवर काय सांगावं, याचा मी खूप विचार केला. मग जसं होतं तसं सांगितलं. पाच गेली, चूक आमची होती, तुझं आहे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "या रविवारी ती रेषा काढणारेस ना?"

काढली. आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी पाणी घातलं. मेच्या शेवटी त्या होरपळलेल्या खोडावर नवी पालवी आली.

या जूनमध्ये दोन उन्हाळे पुरे झाले. ठरल्याप्रमाणे बारसं केलं. आजोबांनी घरून डबाभर घुगऱ्या आणल्या होत्या. आम्ही आता अकरा जण आहोत. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, पण इथे तो भाच्याचा होता. तो आता नऊ वर्षांचा आहे, चारचौघांत जरा लाजतो. सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"सांग ना, काय नाव ठेवायचं?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "ठेवायचं काय मावशी? त्याला नाव आहेच की. मेढशिंगी. शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या येतात म्हणून."

सगळे हसले. घुगऱ्या संपल्या. मग आम्ही कॅन ठेवायला खाली उतरलो, कारण पाऊस सुरू झाला होता आणि त्या दिवशी पाणी घालायची गरज नव्हती. मी त्या मेढशिंगीचा फोटो काढला. पण या वेळी तो कुठे टाकला नाही. तो जुना फोटो मात्र मी काढून टाकलेला नाही. त्याखाली फक्त एक ओळ लिहिली आहे, 'हे रोप जगलं नाही. पिशवी काढायला विसरू नका.'

तर मंडळी, यंदा तो मेसेज आला की जरूर जा. रोप लावा, पोहे खा, फोटोही काढा. फक्त मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारची आठवण लावून ठेवा. त्या दिवशी एक पाण्याची बाटली घेऊन परत जा आणि काय दिसलं ते मला कळवा. जगलं असेल तरी, आणि नसेल तरीही.

पुन्हा भेटू पुढच्या लेखात!